अस्सल स्कॉटिश शॉर्टब्रेड: तांदळाचं पीठ घालायचं की नाही?

ओव्हनच्या_पुढ्यात

नमस्कार मंडळी, आम्ही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला राहतो, आणि शेजारच्या आजींनी (पक्क्या स्कॉटिश, ऐंशीच्या पुढच्या) माझ्या नवऱ्याला फर्मान सोडलंय की ३१ डिसेंबरला रात्री बाराचे ठोके पडले की आमच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल तुझंच पडलं पाहिजे. इथे होगमनेला, म्हणजे वर्षअखेरच्या स्कॉटिश सणाला, उंच, काळ्या केसांचा पुरुष पहिला घरात आला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. केस काळे आहेत, उंचीच्या बाबतीत आजींनी मन मोठं केलंय. आता रिकाम्या हाताने जायचं नसतं, कोळसा, व्हिस्की आणि शॉर्टब्रेड (बटरचं भुसभुशीत बिस्किट) न्यायचं असतं, त्यातलं कोळसा-व्हिस्की खातं साहेबांकडे आणि शॉर्टब्रेड माझ्या गळ्यात.

बरं, रेसिपी शोधायला बसले तर डोक्याची मंडई झाली. एक जण म्हणतो फक्त मैदा, बटर, साखर, बाकी काही घातलंत तर ते शॉर्टब्रेडच नाही. दुसरा म्हणतो तांदळाचं पीठ हवंच. तिसऱ्याकडे रवा, चौथ्याकडे कॉर्नफ्लोर, एकीने चक्क अंड्याचा बलक आणि क्रीम घातलंय आणि वर "माझ्या आजीची पारंपरिक पाककृती" असं लिहिलंय. ओव्हनचं तापमान कुणी १४० सांगतं कुणी १८०. खाणारी बाई आयुष्यभर हेच खात आलेली आहे, त्यामुळे उगाच काहीतरी बिस्किट करून नेण्यात अर्थ नाही. तर अस्सल म्हणायचं कशाला? आणि ते तोंडात टाकल्यावर वाळूसारखं भुसभुशीत विरघळतं, ते नेमकं कशाने होतं? पीठ, बटर की हात?

बशीभर

विकत आणा, स्वतःच्या डब्यात घाला, कोण बघतंय :)

गंमत सोडा, पण एक सांगतो, दुकानात जाऊन पुडा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचा. वॉकर्स, ते लाल टार्टनवाले (स्कॉटिश चौकडीच्या पुड्याचे), अॅबरलोर गावचे, १८९८ पासून करताहेत, त्यांच्या साध्या शॉर्टब्रेडवर गव्हाचं पीठ, बटर, साखर, मीठ एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे तांदळाशिवाय जमतं हे नक्की. आणि पुड्यावर बटरची टक्केवारी पण दिलेली असते ती बघा, जवळजवळ तिसरा हिस्सा बटर भरतं.

लोणीसाय

अगं तो तिसरा हिस्सा उगाच नाहीये, तेच तर सगळं गणित आहे. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, वजनाने. कपाने अजिबात मोजायचं नाही, कपात मैदा कुणी दाबून भरतं कुणी सैल आणि मग म्हणतात रेसिपी चुकीची होती. इथे बटरची वडी २५० ग्रॅमची येते, तिचा अर्धा भाग घे, म्हणजे १२५ बटर, साधारण ६० साखर, १९० च्या आसपास मैदा. वीस सेंटीमीटरच्या गोल टिनमध्ये साधारण सेंटीमीटरभर जाडी येते, पुरे होतं.

बटर खरं बटरच हवं, ते डब्यातलं "स्प्रेडेबल" प्रकरण नको, त्यात तेल आणि पाणी जास्त असतं, पसरट होतं आणि चवीला काही उरतच नाही. इथल्या कायद्याने बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही, तेवढं पाणीसुद्धा शॉर्टब्रेडला जास्तच आहे, म्हणून तर इतका वेळ मंद आचेवर ठेवतात. सॉल्टेड घेतलंस तर वेगळं मीठ नको, अनसॉल्टेड असेल तर चिमूटभर घालच, नाहीतर नुसतं गोड गोड लागतं. मैदा घेताना पाकीट नीट बघ, प्लेन आणि सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) शेजारी शेजारी असतात, आपल्याला प्लेन हवाय. पावाचा जास्त प्रथिनांचा स्ट्राँग ब्रेड फ्लोर तर मुळीच नको.

करायची रीत. मी थंड बटरचे तुकडे मैदा-साखरेत टाकून बोटांच्या टोकांनी चोळते, तळवा लावायचा नाही, तळवा गरम असतो. आधी ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसतं आणि वाटतं की हे काही एकत्र येणार नाही, थेंबभर दूध घालावं का, तर घालायचं नाही! तिथेच हात आवरायचा. चोळत राहिलं की एका क्षणी रंग किंचित पिवळट होतो आणि मुठीत दाबलं की गोळा धरतो, बोटांचे ठसे त्यावर जसेच्या तसे राहतात. तो क्षण आला की थांब. पोळीची कणीक मळतो तसं मळलंस की संपलं. टिनमध्ये दाबून बसव, चमच्याच्या पाठीने सपाट कर, काट्याने तळापर्यंत टोच, सुरीने फोडींच्या रेघा आखून ठेव आणि अर्धा तास फ्रिजमध्ये. मग १५० वर (फॅन असेल तर १३०-१४०) चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या गरम असतानाच वरून कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर) भुरभुरायची आणि आखलेल्या रेघांवर परत सुरी फिरवायची. गार झाल्यावर कापायला गेलीस तर चुरा होतो.

तांदळाचं पीठ मी घालत नाही. मला शिकवणाऱ्या बाई पर्थशरच्या होत्या, त्यांना विचारलं असतं तर लाटणं घेऊन मागे लागल्या असत्या.

रविवारचा_बल्लव

लोणीसाय ताईंच्या रीतीला शंभर टक्के अनुमोदन पण तांदळाच्या बाबतीत मी विरुद्ध पार्टीत. मूळ प्रश्न होता भुसभुशीतपणा कशाने येतो, तर त्याचं उत्तर ग्लुटेन. मैद्यातली प्रथिनं पाण्याला भेटली आणि वर त्यांना मळलं की ग्लुटेनची जाळी तयार होते, पावाला ती हवी असते, शॉर्टब्रेडला ती शत्रू. बटर आधी पिठाच्या कणांना माखलं की पाणी आतपर्यंत पोचत नाही, जाळी लांब वाढतच नाही, आणि चावलं की तुकडा न ताणता सरळ मोडतो. थेंबभर दूध का नाही, तळवा का नाही, ब्रेड फ्लोर का नाही, या सगळ्याचं कारण हे एकच.

आता तांदळात ग्लुटेन नसतंच. म्हणजे मैद्यातला पाचवा हिस्सा काढून तिथे तांदूळ घातला की जाळीची शक्यता अजून कमी, आणि वर दाताखाली ती बारीक रवाळ कुरकुर मिळते. १९० मध्ये साधारण ४० ग्रॅम तांदूळ, बाकी मैदा. फक्त इथल्या दुकानात दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, राइस फ्लोर एकदम गुळगुळीत असतं आणि ग्राउंड राइस जरा जाडसर, तो राइस पुडिंगच्या आसपासच्या शेल्फवर सापडतो. शॉर्टब्रेडला जाडसर घ्या. तो नाही मिळाला तर सेमोलिना म्हणजे आपला बारीक रवा, कुरकुर अजून जास्त. कॉर्नफ्लोरने उलटं होतं, एकदम मऊ, जिभेवर ठेवलं की गायब, ज्यांना दात लावायला आवडतो त्यांना ते पटत नाही. साखरेचंही तसंच, कॅस्टर शुगरने दाणेदार, पिठीसाखरेने लोण्यासारखं मऊ.

आणि हो, काही रेसिपीत बटर-साखर मशीनने पांढरं होईपर्यंत फेटायला सांगतात, ते केकचं काम आहे. हवा भरली की ओव्हनमध्ये पसरतं आणि कडा ढेपाळतात. मऊ बटर घेऊन लाकडी चमच्याने एकजीव करा आणि थांबा, किंवा ताईंसारखं थंड चोळा.

तर्कट

तुम्ही दोघं "अस्सल" वरून भांडताय आणि मला हसू येतंय. मूळ शोधायचं म्हणाल तर बटरसुद्धा टिकणार नाही. सर्वसाधारण जे सांगितलं जातं ते असं की पावाचं उरलेलं पीठ मंद झालेल्या भट्टीत कडक होईपर्यंत वाळवायचे, वर साखर-मसाला, म्हणजे टोस्टच एक प्रकारचा. हळूहळू यीस्ट गेलं, बटर आलं. आणि स्कॉटलंडमध्ये ओट हे रोजचं धान्य, पांढरा गव्हाचा मैदा आणि साखर हे चैनीचं काम. म्हणूनच शॉर्टब्रेड रोज नाही, लग्नाला आणि सणाला. शेटलंडमध्ये तर नवी नवरी घरात शिरताना उंबऱ्यावर तिच्या डोक्यावर शॉर्टब्रेड फोडायचे, आणि पाहुणे तुकडे गोळा करायचे.

मेरी राणीची गोष्ट पण कुणीतरी टाकेलच म्हणून आधीच सांगतो. गोल शॉर्टब्रेडच्या त्रिकोणी फोडी, ज्यांना पेटीकोट टेल्स म्हणतात, त्या मेरी क्वीन ऑफ स्कॉट्सला फार आवडायच्या आणि त्यात कॅरवे सीड (विलायती जिरं) असायचं असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. बाई १५८७ मध्ये गेल्या. आवडत असतीलही, पण पुडे विकायला राणी बरी पडते एवढंच माझं म्हणणं.

राहता राहिली ती बलक-क्रीमवाली. तिला हसू नका. एअरशरकडचं शॉर्टब्रेड तसंच असतं, अंडं आणि क्रीम घालून, आणि तेही तिथल्या लोकांच्या लेखी पारंपरिकच. पिटकेथली बॅनॉक म्हणून एक जाड गोल प्रकार आहे त्यात बदाम आणि साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल. इंग्लंडच्या सीमेकडच्या येटम (Yetholm) गावचा बॅनॉक आहे त्यात साखरेत मुरवलेलं आलं. तेव्हा पारंपरिक नक्की कुठल्या गावचं ते आधी ठरवा.

लोणीसाय

@तर्कट इतिहास मान्य, पण ज्या आजींकडे जायचंय त्या एअरशरच्या नाहीत, ॲबर्डीनच्या आहेत, आणि त्यांना होगमनेला जे ओळखीचं वाटतं तेच न्यायला हवं ना. बॅनॉक वगैरे नंतर कधीतरी.

ओव्हनच्या_पुढ्यात

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, आभार! काल संध्याकाळीच अर्ध्या वडीचं करून बघितलं, लोणीसाय ताईंच्या रीतीने, तांदूळ न घालता. चव फर्स्ट क्लास आहे. पण दोन शंका. एक, रंग. कडा सोनेरी झाल्या तेव्हा मधला भाग पांढराच होता, मी काढलं, ते बरोबर की अजून ठेवायला हवं होतं? आणि दुसरं, फोडींची टोकं. त्रिकोणी कापल्या की मधलं निमुळतं टोक हमखास मोडतं, ताटात बिनटोकाच्या फोडी. शिवाय चॅरिटी शॉपमध्ये थिसलच्या (स्कॉटलंडचं ते काटेरी) फुलाची नक्षी कोरलेला लाकडी साचा मिळालाय, तो वापरू का? तो ओव्हनमध्ये जातो का?

साखरपेरणी

लाकडी साचा ओव्हनमध्ये नाही हं!! तो फक्त छाप उठवायला. सिरॅमिकचे असतात ते ओव्हनमध्ये जातात, त्यांच्यात भाजून मग उलटे करायचे. लाकडी साच्यात आधी तांदळाचं पीठ भुरभुरा (बघा, घालणार नाही म्हणणाऱ्यांच्या घरीसुद्धा ते लागतंच), उलटा करून जास्तीचं झटकून टाका, मग पीठ घट्ट दाबून बसवा, कोपऱ्यांत विशेष. बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेवर साचा उलटा धरून कडेवर टकटक करा, सुटून येतं. नाही आलं तर सुरीने उचकटू नका, नक्षी जाते, सगळं गोळा करून परत दाबा. फार वेळा मात्र नको, दर वेळी पीठ मळलं जातं. नक्षी भाजल्यावर टिकायला हवी असेल तर छाप उठवून झाल्यावर ट्रेसकट फ्रिजमध्ये चांगलं गार करा, अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्तच. गार बटर ओव्हनमध्ये हळू वितळतं, तोवर पीठ धरून ठेवतं.

टोकांचं सांगते. जुन्या पद्धतीत गोलाच्या मधोमध छोट्या वाटीने किंवा कुकी कटरने एक गोल कापून ठेवतात आणि फोडींच्या रेघा त्या गोलापर्यंतच नेतात, त्यामुळे निमुळतं टोक राहतच नाही. मधला छोटा गोल करणाऱ्याचा! आणि बाहेरची कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने दाबत जायची, करंजीला मुरड घालतो ना अगदी तश्शी, घागऱ्याच्या घेरासारखं दिसतं.

रविवारचा_बल्लव

रंगाबद्दल: पांढराच ठेवू नका, तपकिरीही नको, मधलं. फिकट गवती सोनेरी, कडेला किंचित जास्त. मध्ये पांढरं आणि हाताला दाबल्यावर अजून ओलसर वाटत असेल तर आत मैदा कच्चा आहे, खाताना टाळूला चिकटतो तो. इथे १८० वाल्या रेसिपी फसवतात, बाहेरून पटकन रंग येतो कारण बटरमधला दुधाचा अंश आणि साखर लगेच तांबूस होतात, आत मात्र पाणी तसंच. मंद आचेवर पाणी सावकाश निघून जातं आणि तिथूनच तो ठिसूळपणा येतो, त्यामुळे रंगासाठी आच वाढवायची नाही, दहा मिनिटं जास्त ठेवायची. कडा फार पुढे गेल्या तर वरून फॉइल सैल टाका. ओव्हनमधून काढताना मऊ वाटलं तर घाबरू नका, कडकपणा गार होताना येतो.

आणि जाडीप्रमाणे वेळ बदलते, बोटांसारखे जाड तुकडे, ज्यांना फिंगर्स म्हणतात ते करणार असाल तर अजून मंद आणि अजून लांब.

बशीभर

अर्धं चॉकलेटमध्ये बुडवलं तर? भारी दिसतं.

तर्कट

@बशीभर मग ते सरकारच्या नजरेतही बदलतं, खरंच. ब्रिटनमध्ये साध्या बिस्किटांवर व्हॅट शून्य, पण चॉकलेटचं आवरण पूर्ण किंवा अर्धवट आलं की २० टक्के. केकवर चॉकलेट चालतं, केक मात्र शून्यच. घरी करणाऱ्याला काही फरक पडत नाही म्हणा. पण होगमनेला आजींकडे चॉकलेटवालं नेऊ नका, उगीच.

होगमनेवरून आठवलं, इथे ख्रिसमसपेक्षा नवीन वर्षाला एवढं महत्त्व का याचं कारण पण मजेदार आहे. रिफॉर्मेशननंतर, म्हणजे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर, इथल्या चर्चला ख्रिसमस नको होता, १६४० मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने यूलची म्हणजे ख्रिसमसची सुट्टीच रद्द केली, आणि २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी म्हणून परत यायला १९५८ उजाडलं. तुमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या ना, म्हणजे त्यांच्या लहानपणी वडील ख्रिसमसला कामावर जात असणार, बऱ्याच घरांत तसंच होतं. सगळी हौस ३१ तारखेला. विचारून बघा त्यांना, शॉर्टब्रेडपेक्षा त्या गप्पा जास्त रंगतील. अजूनही स्कॉटलंडमध्ये २ जानेवारीलाही बँक हॉलिडे असतो, बाकी ब्रिटनला तो नाही.

शून्यतूप

मध्येच विचारते, दुधाचं चालत नाही अशांसाठी व्हीगन बटरने होतं का?

रविवारचा_बल्लव

होतं, पण वडीच्या रूपात मिळतं ते घ्या, डब्यातलं मऊ नको. वडीवर फॅटचं प्रमाण वाचा, ८० च्या जवळ असेल तर बरं, ७० वालं असेल तर पाणी जास्त, पसरणार. चव बटरची येत नाही हे आधीच सांगतो, कारण शॉर्टब्रेडमध्ये लपायला जागाच नाही, चवीला बटरशिवाय आहेच काय. मीठ थोडं वाढवा आणि थोडी लिंबाची साल किसून घाला. मग ते अस्सल आहे का हे मात्र तर्कटरावांना विचारू नका.

ओव्हनच्या_पुढ्यात

ठरलं मग. आजींसाठी तीनच गोष्टींचं, मधला गोल कापून, मुरड घातलेलं. आणि घरी खायला तांदूळवालं, कारण आज बल्लवदादांच्या प्रमाणाने तेही केलं आणि खरं सांगू का ताई, मला ते जास्त आवडलं, ती कुरकुर वेगळीच आहे. रागावू नका.

शेवटची शंका, ३१ ला दिवसभर गडबड असणार तर आधी करून ठेवलं तर चालेल ना? किती आधी?

लोणीसाय

रागावते कशाला, खा की, फक्त आजींच्या दारात नेऊ नकोस :)

आधीच कर, दोन-तीन दिवस आधी केलेलं उलट जास्त चांगलं लागतं, बटरची चव मुरते. घट्ट झाकणाच्या टिनमध्ये आठवडाभर आरामात राहतं. फक्त टिनमध्ये भरायच्या आधी पूर्ण, अगदी पूर्ण गार होऊ दे, आतला भागसुद्धा. जरा कोमट असताना झाकण लावलंस तर वाफ आतच अडकते आणि सगळी कुरकुर जाऊन मऊ पडतं. थरांमध्ये बेकिंग पेपर घाल. दुसऱ्या कुठल्या केकबरोबर एका डब्यात ठेवू नकोस, केकचा ओलावा हे लगेच ओढून घेतं. तरीही मऊ पडलंच तर १५० वर पाच-सात मिनिटं परत ठेव आणि जाळीवर गार कर, पूर्ववत होतं. कच्चं पीठ आधी करून ठेवायचं असेल तर त्याची गुंडाळी करून फ्रीझरमध्ये टाक, लागेल तेव्हा चकत्या कापून भाज, पण मग तुझी ती मुरड नाही घालता येणार.

साखरपेरणी

आणि वरची कॅस्टर शुगर गरम असताना एकदा घातलीच असेल, तरी नेण्याआधी अजून थोडी भुरभुरा, डब्यात हलून खाली पडते ती.